आज इथं थांबतो

अमरावती
रविवार, ६ एप्रिल

प्रतीक्षा,

माझं सगळं कधी बिघडलं ते मी तुला घड्याळ लावून सांगू शकतो. आज सकाळी पावणेअकरा वाजता, नत्थुजीच्या ताडपत्रीशेजारच्या रसवंतीवर, अस्वलवाल्या पुस्तकाच्या पान एकशे अठरावर. एकशे सतरापर्यंत मी चांगला होतो. रसाचा ग्लाससुद्धा अर्धा संपला होता.

पानाच्या तळाला, समासात, पेन्सिलीनं लिहिलेलं आहे: "आज इथं थांबतो. डोये दुखतात."

थांबतो. थांबते नाही.

तुझं अक्षर मी अंधारात बोट फिरवून ओळखीन. हे तुझं नाही. हे मोठं आहे, वाकडंतिकडं आहे, आणि पेन्सिल इतकी दाबली आहे की पान उलटलं तर मागून हाताला लागते. शेतात राबणाऱ्या गड्याचा हात आहे हा. 'डोळे'ला 'डोये' लिहितो म्हणजे आपल्याकडचाच आहे, पुण्या-मुंबईचा नाही. कोण आहे?

आपलं काय ठरलं होतं, तुला आठवण करून देतो. नत्थुजी शनिवारी अकोल्यात बसतो, रविवारी अमरावतीत. तुझं वाचून झालेलं पुस्तक तू शनिवारी त्याच्या पोत्यात टाकायचं, मी रविवारी काढून घ्यायचं. माझं तसंच उलट तुझ्याकडं. शेवटच्या पानात चिठ्ठी, त्या आठवड्यात काय सापडलं त्याची. समासात लिहायचं तर पेन्सिलीनं, पेनानं कधीच नाही, कारण पुस्तक आपल्यानंतर अजून कोणाच्या हातात जायचं असते. हे तुझंच वाक्य आहे. लायब्ररीचा कोर्स करायला अकोल्याला जायच्या आधीपासून तू लायब्ररीवाली होतीस. पण वाचणारे दोघं. हे कुठं लिहून ठेवलं नव्हतं. लिहायची गरज पडीन असं मला वाटलं नव्हतं.

आणि यादीचं काय? मार्चमध्ये आपण उन्हाळ्याची यादी केली. दहा आठवडे, दहा पुस्तकं, पाच तुझी, पाच माझी. सकाळी पातळ वाचायचं, दुपारी कूलरसमोर जाड, कारण दुपारी कोणी उठवायला येत नाही. त्यात तू तीन नंबरला ती निळी, सहाशे पानांची कादंबरी घातली होती, कव्हर जाऊन नुसता निळा पुठ्ठा उरलेली, जिची आपण दोन वर्षं वाट पाहत होतो. आज चिठ्ठीत काय लिहिते? "निळी पुढं ढकलू. तिच्या जागी कोल्ह्याच्या गोष्टी घेऊ, मोठ्या टायपातल्या." बावीस वर्षांच्या मुलीला मोठ्या टायपातला कोल्हा काहून पाहिजे? त्याला लहान पोरगं आहे का? बायको मेलेला आहे का कोणी?

फोनवर विचारलं असतं. पण फोन तू फेब्रुवारीत बंद केला, एका संध्याकाळी चाळीस वेळा लावला म्हणून. म्हणालीस, "लिहायचं असेल तर लिही. लिहिताना तू कमी ओरडतोस." हे बघ, लिहून राहिलो. ओरडत नाही.

या रविवारचं सापडलेलं: संत्र्यावरच्या डिंक्या रोगाची कृषी खात्याची पुस्तिका. त्यात कोणीतरी पंचेचाळीस सालच्या लग्नाची पाहुण्यांची यादी केली आहे, आणि एका पाहुण्यापुढं लिहिलं आहे, "हा आला तर मी जेवणार नाही." बाबांसाठी घेतली. आमच्या बागेतल्या झाडांना तोच रोग आहे.

कॉलेजचं विचारू नको. चालू आहे.

धर्मेंद्र

मंगळवार, ८ एप्रिल

दोन दिवस ते पान बघून राहिलो. एकशे अठरावर काय चालू आहे तुला माहीत आहे. अस्वलीण विहिरीत पडली आहे, पिल्लू काठावर, आणि फॉरेस्टवाल्यानं दोराला बांधून खाट खाली सोडली आहे. अस्वलीण खाटेवर पाय ठेवते की नाही, इथं पान संपते. कोणता माणूस इथं थांबतो? असा कसा थांबू शकतो? ज्याला घाई नाही तोच. ज्याला माहीत आहे की उद्या हे पुस्तक, हे घर आणि तू तिथंच असणार आहे.

मी भिंग आणलं. (मी ज्या झेरॉक्सच्या दुकानात कधीमधी बसतो, तिथलं.) 'थां'वरचा अनुस्वार आधी विसरला होता, नंतर दिला आहे. म्हणजे त्याला कोणीतरी दाखवलं. शेजारी बसून.

तू शेजारी बसतेस.

फर्स्ट इयरला सगळा वर्ग तुला हसला आणि मी बाकावर हात आपटला, त्या दिवशी सुट्टीत तू माझ्या शेजारी येऊन बसली होतीस. अर्ध्या बाकाचं अंतर ठेवून. मला ते अंतर पाठ आहे. त्याच्या शेजारी बसताना किती ठेवतेस?

हे पत्र टाकणार नव्हतो. टाकलं.

अमरावती
रविवार, १३ एप्रिल

प्रतीक्षा,

कोल्हा मिळाला. तुझी चिठ्ठीही मिळाली, अडीच ओळींची. "आहे कोणीतरी वाचणारं. वेळ आली की मीच सांगीन. तोपर्यंत विचारू नकोस, मी शब्द दिला आहे." शब्द दिला आहे! मला काय दिलं होतं मग?

नत्थुजीला विचारलं. तो पोत्यातून पुस्तकं काढत होता, धोतराच्या सोग्यानं एकेक पुसत.

"नत्थुजी, त्या घरी कोण कोण राहते?"

"काहून? सोयरीक कराची हाय काय?"

"सांगा ना."

"पोरगी राहते तुही. घरमालकीन राहते, इंदूबाई, फुलंवाली. अजून कोण पाहिजे तुले?"

"कोणी गडीमाणूस?"

त्यानं माझ्याकडं असं बघितलं जसं मी पुस्तकाचा भाव निम्म्यानं मागितला. "पोट्ट्या, मी रद्दी विकतो. बातम्या नाई विकत."

"पण पुस्तक कोण वाचते तिथं?"

"दोघं वाचतात. एक पुस्तक अन् दोन वाचणारे. माह्या धंद्याची वाट लावून राहिले तुमी सारे." आणि हसला. त्याचे खालचे दोनच दात आहेत, ते दोन्ही हसले.

दोघं वाचतात. बाईमाणसाबद्दल सांगायचं असतं तर 'दोघी' म्हणाला असता ना? म्हणाला 'दोघं'. मी परत विचारलं नाही, कारण परत विचारलं असतं तर माझ्या हातून त्याची ताडपत्री उलटली असती.

कोल्ह्यातही तो आहेच. पान नऊ: "लई हासलो." पान चौदा: "कोल्हा वयखीचा निंघाला." ओळखीचा म्हणे! पान एकवीस: "उद्या वाचतो. आज लगनाचे हार हायेत." म्हणजे लग्नाचे हारही घेऊन जातो तो! मंडपवाला आहे का? बँडवाला?

आणि खरं सांगू, सगळ्यात काय लागलं ते सांगू? 'लई हासलो' वाचून मलाही हसू आलं. त्याच पानावर. त्याच ओळीला. मग मी ते पुस्तक पंख्यावर फेकून मारलं. कोल्ह्याचं कव्हर गेलं आहे, आता तोही आपल्या बिनकव्हरच्यांतला झाला.

तू मागितलंस म्हणून अस्वलवालं परत पाठवून राहिलो; एकशे अठराच्या पुढं त्याची पेन्सिल नाही. त्यात मीपण दोन ओळी लिहिल्या आहेत, एकशे अठरावर, त्याच्या खाली. तुझ्यासाठी नाहीत. ज्याच्यासाठी आहेत त्याला वाचता येतीन.

या आठवड्याचं सापडलेलं काही नाही. शोधलंच नाही.

ध.

अमरावती
रविवार, २० एप्रिल

प्रतीक्षा,

आज पोत्यात काही नव्हतं.

मी साडेसातलाच जाऊन बसलो होतो. नत्थुजी बडनेऱ्याहून ऑटोनं आला, दोन्ही पोती उतरवली, मी स्वतः दोन्ही उपसली. पंचांगं, गाइडं, एक इंग्रजी डिक्शनरी 'एम'पर्यंतची. आपलं काही नाही.

"देलं नाई तिनं," तो म्हणाला.

"चिठ्ठी?"

"नाई."

"काही बोलली का?"

"बोलली. म्हणे त्याले सांगा, या वक्ती काही नाई." मग तो बराच वेळ ताडपत्रीचे कोपरे दगडानं दाबत बसला. चार कोपरे, आठ दगड. मग म्हणाला, "तू काही लिवलं होतं काय रे त्या पुस्तकात?"

"तुम्हाला काय करायचं? तुम्ही बातम्या नाही विकत ना?"

"नाई विकत. पण इकत घ्या लागते कदी कदी," म्हणाला, आणि त्यानंतर माझ्याशी बोलला नाही. रस घेशील का एवढंही विचारलं नाही. दर रविवारी विचारतो.

त्यालाही तुम्ही आपल्या बाजूला वळवलं.

मी काय लिहिलं ते तू वाचलंच असशील. आता लपवण्यात काय आहे. त्यानं लिहिलं होतं, "आज इथं थांबतो." मी खाली लिहिलं, "थांब. कायमचाच थांब. दुसऱ्याच्या पुस्तकात तोंड घालणारा निर्लज्ज माणूस आहेस तू." लाल पेनानं. हो, पेनानं. पेन्सिल त्याची होती.

मला पश्चात्ताप नाही. फेब्रुवारीत पण नव्हता. रोहितनं कँटीनमध्ये तुझी चिठ्ठी माझ्या पुस्तकातून काढून टेबलावर चढून मोठ्यानं वाचली, त्याचा ओठ फाटला, आणि सर म्हणाले, चार ओळींचं माफीपत्र दे, विषय संपला. तू पण म्हणालीस, "चारच तर ओळी आहेत धर्मू." मी नाही दिल्या. त्या दिवसापासून मी कॉलेजच्या गेटच्या आत गेलो नाही. झेरॉक्सच्या दुकानात कधीमधी बसत नाही, रोज बसतो. क्लासच्या पोरांच्या नोट्स काढून देतो. घरी माहीत नाही. घे, हेपण सांगून टाकलं. आता तू सांग. कोण आहे?

धर्मेंद्र

अकोला स्टेशन
शनिवार, २६ एप्रिल

वहीच्या पानावर लिहून राहिलो, गाडीला वेळ आहे.

मी आलो होतो. तुला भेटायला नाही. बघायला. मोर्णा नदीच्या पुलाच्या अलीकडं उतरलो, तुझ्या पत्त्यावरची गल्ली शोधली, समोरच्या पिठाच्या गिरणीच्या सावलीत उभा राहिलो. ऊन असं की डांबर चपलेला धरत होतं.

घर छोटं आहे तुमचं. ओटा आहे, मागं मोगऱ्याचा तुकडा दिसतो. दारात चपला होत्या. तुझी निळ्या पट्ट्याची. आणि शेजारी एक जोड, टायरच्या तळाचा, काळा, चिखलानं भरलेला, गड्याचा. आठ नंबर तरी असेल.

ओट्यावर एक म्हातारी मोगरा ओवत बसली होती. नऊवारी, कपाळ मोकळं, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. इंदूबाई तीच ना? तू बाहेर आलीस. तू वाळली आहेस. तुझ्या हातात पुस्तक होतं. मला इतक्या दुरून कळलं, अस्वलवालंच होतं. तू ते म्हातारीच्या पुढ्यात ठेवलं, काहीतरी बोललीस, तिनं मान हलवली, नाही म्हणून. तू परत ठेवलं. तिनं पुस्तक दोन्ही हातांनी उचललं, पदरानं पुसलं, आणि तुला परत दिलं. मग सुई घेतली. तू आत गेलीस.

तो बाहेर आलाच नाही. चपला दारात, आणि माणूस आत. मी दीड तास उभा होतो. गिरणीवाला म्हणाला, "दयन आनलं काय भाऊ, नाई तं सरक ना बाजूले." सरकलो.

म्हातारीला सगळं माहीत आहे, एवढं कळलं. ती तुमच्यात आहे. ती तुम्हाला लपवते.

दार वाजवलं नाही. मला वाटलं वाजवीन. हात वर केलाच नाही. असं का झालं ते मला कळून नाही राहिलं. गाडी आली.

अमरावती
सोमवार, २८ एप्रिल

प्रतीक्षा,

हे पत्र तुला नाही लिहावं असं वाटते, पण लिहायला दुसरं कोण आहे.

आज दुपारी आईचा फोन आला, शेंदूरजन्याहून. रोजच्यासारखा. मी झेरॉक्सवर होतो, मशीनच्या आवाजात.

"जेवला काय रे धरम?"

"हो."

"काय जेवला?"

"पोळी."

"खोटं नोको बोलू. पेपर कदी हाय तुहा?"

"मे मधी."

"बरं अभ्यास कर. तुहे बाबा मोटर पाहाले गेले, लाइन नाई सकायपासून. झाडं पान टाकून राहिले. तुह्या त्या पुस्तकातलं औषध लावलं म्हणे त्यायनं, पाहू. बरं, मी ठेवतो आता. भाकर जयून राहिली."

मी ठेवतो.

मी फोन हातात धरून उभा राहिलो. समोरच्या पोरीनं तीनदा सांगितलं, दादा दोन्ही बाजूंनी काढा, दादा दोन्ही बाजूंनी.

ठेवतो. येतो. जातो. वाचतो. थांबतो. माझ्या आईनं जन्मात स्वतःला 'ठेवते' म्हटलं नाही. आजीनं नाही. आमच्या वावरात निंदायला येणाऱ्या एकाही बाईनं नाही. 'मी जातो माय घरी.' रोज कानावर पडते. पडून पडून ऐकूच येत नाही. आणि नत्थुजीचं 'दोघं', ते तर तो माझ्या आईला अन् मावशीलाही म्हणाला असता.

लग्नाचे हार. चष्म्याला दोरा. डोये दुखतात. मोठा टाइप. पदरानं पुसलेलं पुस्तक.

प्रतीक्षा, ते पान तिनं वाचलं का? तिला लाल शाईतलं वाचता आलं का? नाही आलं म्हण. एवढं एकदा खोटं बोल.

अमरावती
शनिवार, ३ मे

प्रतीक्षा,

तुझं पत्र काल आलं. पाकिटावरचं अक्षर तुझंच आहे का हे मी आधी बघितलं. सवय आहे. मग उघडलं.

तुझंच इथं उतरवतो, म्हणजे मला परत परत वाचावं लागीन.

"इंदूबाई दोन इयत्ता शिकलेल्या. दिवाळीपासून माझ्याजवळ वाचायला शिकतात. मला शपथ घातली होती, कोणाले सांगू नको, फुलबजारात हासतीन बाया, या वयात. म्हणून नाही सांगितलं. त्यांचे मालक जाऊन अकरा वर्षं झाली, वाफ्यात पाणी द्यायला त्या त्यांच्याच चपला घालतात. त्या दिवशी तू गिरणीजवळ उभा होतास ते मला गिरणीवाल्यानं सांगितलं. म्हणून हेही सांगते.

तुझं लिहिलेलं त्यांनी एकट्यानं वाचलं. मी कोर्सला गेले होते. 'थांब' वाचलं. 'कायमचाच' वाचलं, त्यांना वाटलं कोणीतरी गंमत करते. 'तोंड घालणारा' वाचलं. पुढचा एक शब्द त्यांना येईना. रफार आणि ज्ज आम्ही अजून घेतलेलं नाही. दुपारी दोनपासून त्या त्या शब्दावर बोट ठेवून बसल्या होत्या, धर्मू. पान वाऱ्यानं उलटू नये म्हणून. मी सहाला आले तर म्हणाल्या, 'पोरी, बाकी सारं लागलं मले. हे एक अक्षर सांग.'

मी सांगितलं नाही. म्हटलं, मलाही नीट दिसत नाही. त्या माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, 'मले समजलं. राहू दे.' समासातली आपली पेन्सिल त्यांनी खोडरबरानं पुसली, सगळ्या पानांवरची. तुझं पुसलं जात नाही. त्यानंतर पुस्तकाला हात लावत नाहीत. मी रोज पुढ्यात ठेवते.

फर्स्ट इयरला मी वर्गात उभी राहून 'मी सांगतो सर' म्हणाले होते. सगळे हसले होते. तूच बाक आपटून उठलास आणि म्हणालास, आमच्याकडं बाया असंच बोलतात, ज्याले हसू येते त्यानं बाहेर यावं. विसरलास? मी त्या दिवशी तुझ्या शेजारी का येऊन बसले, तुला काय वाटलं होतं?

कॉलेज सोडल्याचं मला फेब्रुवारीपासून माहीत आहे. कोणी सांगितलं ते विचारू नकोस.

मला पत्र लिहू नकोस. येऊ नकोस. लिहायचं असेल तर त्यांना लिही. पेन्सिलीनं, मोठं, त्यांचं त्यांना वाचता येईल असं. साधी जोडाक्षरं त्यांना येतात, पण कुठं अडतील सांगता येत नाही, म्हणून जोडाक्षर एकही नको. त्या वाचायला बसल्या तर निळ्या कादंबरीचं बघू. नाही बसल्या तर नत्थुजींना मी सांगीन, आपलं पोतं बंद."

हे तुझं शेवटचं वाक्य.

तू लिहू नको म्हणालीस, तरी लिहून राहिलो. हे पत्र टाकणार नाही, चिठ्ठीबरोबर देईन. वाचायचं नसलं तर वाचू नको.

काल रात्रभर नाही, खोटं कशाला, आज सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी ती चिठ्ठी लिहून राहिलो. तुला काय वाटते, सोपं आहे? 'क्षमा' लिहिलं. पहिलंच अक्षर जोडाक्षर. 'पश्चात्ताप', त्यात दोन. 'गैरसमज झाला' यात एकही नाही, म्हणून लिहिलं, मग खोडलं. तिचा काय गैरसमज झाला? तिनं बरोबर वाचलं होतं. 'नव्हतं' चालत नाही. 'तुम्ही' चालत नाही. 'अस्वल'सुद्धा चालत नाही, आणि अस्वलाशिवाय त्या पुस्तकाबद्दल बोलणार काय? जितके शब्द मी कॉलेजात शिकलो, ते सगळे एकेक करून गळाले. राहिले ते आईचे.

आणि शेवटी सही. धर्मेंद्र. दोन जोडाक्षरं. तुझ्या नावातही दोन आहेत, मोजली. ती तुला पोरी म्हणते ते बरं आहे.

रविवार, ४ मे
सकाळी

चिठ्ठी ही अशी झाली. अक्षर मोठं काढलं आहे, एका ओळीत चार-पाचच शब्द. पेन्सिल दाबली नाही, म्हणजे पुसायची असली तर पुसली जाईल.

"इंदूबाई,
लाल शाईचं मी लिहिलं. चूक माझी हाय.
वाचणारी बाई हाय हे मले माहीत नोतं.
कोणी गडी असता तरी तसं लिहाले नाई पाहिजे होतं.
माफ करा.
माझं लिहिलेलं खोडा. पेनानं खोडा.
विहिरीतली असवल पुढं काय करते ते मी सांगत नाई. तुमी वाचा.
माणिकबाईचा धरम"

सहीत आईचं नाव घेतलं, त्यात जोडाक्षर नाही. दहादा तपासली. एकही नाही. 'असवल' चुकीचं आहे, मला माहीत आहे. तू दुरुस्त करू नको.

आणि या रविवारचं सापडलेलं, हे मात्र तुला सांगतो. नत्थुजीकडं नाही, झेरॉक्सवर सापडलं. एक शाळामास्तर मोठ्या अक्षरातलं जोडाक्षरांचं अंकलिपीसारखं पुस्तक झेरॉक्सला विसरून गेले होते. आले तेव्हा त्यांना विचारून एक प्रत काढली, दोन्ही बाजूंनी. रफार पान बारावर आहे. ज्ज पान एकोणीसवर, 'सज्ज' असा दिला आहे. मी त्यात काहीही लिहिलेलं नाही. कुठंच नाही. समास कोरे आहेत.

अजून एक. तुझ्या पत्राच्या पाठीमागं एक ओळ आहे, ती मी उतरवली नव्हती, "आमचे सर म्हणतात पत्र हाही दस्तऐवज असतो." कोणते सर, किती वर्षांचे, हे मी विचारलं नाही. बघ. विचारलं नाही.

कॉलेजसाठीच्या चार ओळीपण खिशात आहेत. त्यात जोडाक्षरं आहेत. रोहितचं नाव आहे. आज रविवार, ते उद्या.

साडेआठ झाले. नत्थुजी पोती सोडत असेल. माझ्याशी तो बोलीन की नाही माहीत नाही, पण तुझ्या हाती द्या म्हटलं तर तो नेईन. सव्वानऊची अकोल्याची गाडी आहे हे मला पाठ आहे, आणि मी तिकडं चाललो नाही. ताडपत्रीपर्यंतच चाललो.

चपला घातल्या. आईचा फोन वाजून राहिला, खिशातच वाजू दे, ती परत लावीन. दार ओढून घेतो. निघतो.